सयाजीराव (शर्यतीचा घोडा)

सयाजीराव : (१९४४–६६). थरोब्रेड जातीचा प्रसिद्ध शर्यतीचा घोडा व पुढे नामांकित वळू. बडोदे संस्थानचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड (१९०८–६८) यांच्या मालकीच्या या घोड्याने १९४७ साली आयर्लंडमधील आयरिश डर्बी आणि इंग्लंडमधील सेंट लेजर या दोन मानाच्या शर्यती जिंकल्या. प्रतापसिंहरावांनी त्याला आपले आजोबा, बडोद्याचे सुधारक राजे सयाजीराव महाराज तिसरे (१८६३–१९३९) यांचे नाव दिले. शिंगरू असताना लिलावात त्याला मिळालेली किंमत हा त्याच्या कीर्तीचा आरंभ होता. परंतु अश्ववंशाच्या इतिहासात त्याचे स्थान ठरले ते त्याच्या संततीमुळे. लांब पल्ल्याच्या शर्यतीस लागणारा दम त्याने मुलाला व नातवाला जितक्या स्पष्टपणे दिला, तितका तो सलग तीन पिढ्यांत उतरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

थरोब्रेड ही जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये स्थानिक घोड्या व पूर्वेकडून आणलेले नर यांच्या संकरातून घडविण्यात आली. आज शर्यतीत धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपैकी एकाशी जाऊन मिळते. या जातीची अधिकृत वंशावळ इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जाते आणि कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंद तीत होत नाही. त्यामुळे यशस्वी नराचे मोल त्याच्या शर्यतीच्या कमाईपेक्षा पुष्कळदा अधिक भरते. एक घोडी वर्षाला एकच शिंगरू देते. नराकडे मात्र सयाजीरावाच्या काळी एका हंगामात सुमारे चाळीस घोड्या आणल्या जात.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ज्या पाच शर्यती अभिजात समजल्या जातात, त्यांत सेंट लेजर सर्वांत जुनी (१७७६) व सर्वांत लांब आहे. यॉर्कशरमधील डॉन्कॅस्टर येथे होणाऱ्या या शर्यतीचे अंतर सु. २·९ किमी. आहे. डर्बी सु. २·४ किमी.ची, तर टू थाउजंड गिनीज सु. १·६ किमी.ची असते. हे आकडे ध्यानात ठेवल्यास सयाजीरावाच्या कामगिरीचा अर्थ लागतो : अंतर वाढत गेले, तसा तो सुधारत गेला.

वंश व खरेदी : सयाजीरावाचा पिता निअर्को हा इटलीतील फेदेरीको तेझिओ या असामान्य अश्वपैदासकाराच्या हाती वाढलेला घोडा. त्याने चौदा शर्यतींत भाग घेतला व चौदाही जिंकल्या. १९३८ मध्ये ६०,००० पौंडांना त्याची विक्री होऊन तो इंग्लंडला आला आणि विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी वळू ठरला. माता रोझी लेजंड ही डार्क लेजंड या नराची मुलगी. यॉर्कशरचे सर एरिक ओल्सन यांनी ती विकत घेतली, तेव्हा तिच्या पोटी निअर्कोचेच शिंगरू होते. १९४२ मध्ये जन्मलेले हे शिंगरू म्हणजे डँटी. लिलावात अपेक्षित किंमत न आल्यामुळे ओल्सन यांनी तो स्वतःकडेच ठेवला आणि १९४५ साली त्याने डर्बी जिंकली. महायुद्धामुळे ती डर्बी एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली होती. इंग्लंडच्या उत्तर भागात शिकवून तयार केलेल्या घोड्याने डर्बी जिंकावी, हे १८६९ नंतर प्रथमच घडले. यॉर्कशरमध्ये डँटी लोकप्रिय झाला, पण त्याच वर्षीच्या सेंट लेजरमधून त्याला मागे घ्यावे लागले. पुढे त्याची दृष्टीही गेली.

डर्बी होऊन काही महिने लोटतात, तोच डँटीचा एक वर्षाचा सख्खा भाऊ लिलावाला आला. मोठ्या भावाला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. धाकट्यासाठी २८,००० गिनींपर्यंत बोली चढली. ब्रिटिश बेटांत जाहीर लिलावात एक वर्षाच्या शिंगराला तोवर मिळालेली ही सर्वोच्च किंमत होय. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हा ही रक्कम २९,४०० पौंड आणि रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स या त्या वेळच्या दराने सु. ३,९२,००० रुपये होते. बोली महाराज प्रतापसिंहरावांची होती.

सख्ख्या भावाच्या कीर्तीवर अशी किंमत मोजणे हा अश्वव्यवसायात मोठाच जुगार मानला जातो. आईबाप तेच असले, तरी प्रत्येक शिंगराला मिळणारा वारशाचा वाटा निराळा असतो, आणि डर्बी विजेत्यांच्या सख्ख्या भावंडांपैकी बहुतेकांची नावे कोणाला आठवत नाहीत. सयाजीराव या नियमाला अपवाद ठरला.

प्रतापसिंहरावांचा शर्यतींतील संबंध इंग्लंडमध्ये सुरू झाला नव्हता. गायकवाडांचे घराणे अठराव्या शतकात पिलाजीरावांच्या काळी घोडदळाच्या बळावर गुजरातेत स्थिरावले. त्यांची घोडी मात्र लांबची मजल मारणारी व रणांगणावर वळणारी होती. मैदानावर काही मिनिटे धावणारा थरोब्रेड हा सर्वस्वी वेगळा प्राणी. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत विसाव्या शतकात संस्थानिकांची मालकी वाढली. १९४३ साली मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रतापसिंहरावांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. महायुद्ध संपल्यावर महाराजांनी न्यूमार्केटजवळील वॉरन प्लेस ही मिळकत घेतली, मिडलमचे प्रशिक्षक फ्रेडरिक (सॅम) आर्मस्ट्राँग यांना तेथे आणले आणि स्वारीसाठी ब्रिटलाही बोलावून घेतले. सयाजीरावाचे शिक्षण याच तबेल्यात झाले.

शर्यती : दोन वर्षांचा असताना, १९४६ मध्ये, सयाजीरावाने एक शर्यत जिंकली, तेवढ्याने किमतीचे समर्थन होण्यासारखे नव्हते. पुढील वर्षीचा तीन वर्षांच्या घोड्यांचा गट मात्र फार बलवान होता आणि त्यातच त्याला आपले स्थान सिद्ध करावे लागले. टू थाउजंड गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल हा घोडा आठ लांबींनी जिंकला (घोड्याच्या शरीराची लांबी हे शर्यतीतील अंतराचे माप आहे). सॅरवन दुसरा व सयाजीराव तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रेलच्या या विजयाने प्रेक्षक इतके भारावले, की डर्बीचा निकाल ठरल्यासारखाच मानला गेला.

दरम्यान सयाजीरावाने लिंगफील्ड येथील डर्बीची पूर्वपरीक्षा समजली जाणारी शर्यत जिंकली. जून १९४७ मधील डर्बीत जे घडले, ते इंग्लंडच्या शर्यतींच्या इतिहासात अजूनही सांगितले जाते. गॉर्डन रिचर्ड्‌स या विख्यात जॉकीच्या हाती असलेला ट्यूडर मिन्स्ट्रेल लगामाशी झगडत राहिला व चौथा आला. एकास चाळीस असा भाव असलेला पर्ल डायव्हर हा फ्रेंच मालकीचा घोडा चार लांबींनी पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा आणि सयाजीराव तिसरा. गिनीजमध्ये ज्याच्यामागे सयाजीराव कितीतरी लांबींनी पडला होता, त्यालाच त्याने पल्ला ८०० मीटरांनी वाढताच मागे टाकले. या एका गोष्टीने घोड्याची जातकुळी स्पष्ट झाली.

त्याच महिन्यात आयर्लंडमधील करा या मैदानावर ब्रिटच्या स्वारीने सयाजीरावाने आयरिश डर्बी जिंकली. आयरिश डर्बीचे आजचे महत्त्व १९६२ मध्ये तिचे बक्षीस मोठ्या प्रमाणात वाढविल्यानंतरचे आहे. १९४७ मध्ये इंग्लंडमधील अव्वल घोडे तिकडे सहसा पाठविले जात नसत. त्यामुळे या विजयाचे मोल आजच्या मापाने करणे योग्य होणार नाही.

खरी कसोटी सप्टेंबरमध्ये, सेंट लेजरला होती. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता. डॉन्कॅस्टरच्या मैदानावर बडोद्याच्या रंगांत सयाजीराव उतरला. समोर मिगोली होताच, शिवाय मार्सेल बूसाक या फ्रेंच उद्योगपतीचा आर्बार हा घोडाही होता. अखेरच्या टप्प्यात आर्बार व सयाजीराव यांची झुंज होऊन सयाजीराव केवळ डोक्याएवढ्या अंतराने पुढे निघाला. मिगोली तिसरा आला. हरलेल्या दोघांची योग्यता पुढील वर्षी दिसली. आर्बारने १९४८ ची ॲस्कट गोल्ड कप ही चार किमी.ची शर्यत जिंकली, तर मिगोलीने पॅरिसची प्री द लार्क द त्रिओंफ ही यूरोपातील अग्रगण्य शर्यत. डँटीला जी शर्यत लढताच आली नव्हती, ती धाकट्या भावाने अशा प्रतिस्पर्ध्यांना हरवून जिंकली.

१९४८ मध्ये सयाजीरावाने रॉयल ॲस्कटला हार्डविक स्टेक्स जिंकली. त्या वर्षी बडोद्याच्या तबेल्याचा मुख्य घोडा मात्र तो नव्हता. माय बाबू या फ्रान्समध्ये जन्मलेल्या चपळ घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकून तो मान घेतला होता. ब्रिटने त्याच वर्षी ब्लॅक टारक्विनवर दुसऱ्यांदा सेंट लेजर जिंकली.

नाव व खजिना : मराठी घरात जनावराला आजोबांचे नाव ठेवण्याचे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. इंग्लंडच्या शर्यतींच्या जगात मात्र उमद्या घोड्याला आपल्या घराण्यातील थोर पुरुषाचे नाव देणे हा त्या पुरुषाचा गौरवच समजतात. प्रतापसिंहरावांचा हेतू तोच असावा. तरीही नाव व प्रसंग यांतील विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकरी कुटुंबातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, गावोगाव ग्रंथालये उभारली, मराठी व गुजराती ग्रंथांसाठी सयाजी साहित्यमाला चालविली आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. भरलेला खजिना ठेवून गेलेला राजा म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांचे नाव इंग्लंडच्या वृत्तपत्रांत गाजले ते विक्रमी किमतीच्या शिंगराच्या रूपाने, आणि तेही संस्थाने लयाला जाण्याच्या वेळी.

प्रजेने याचा हिशेब मागितला. महाराजांचा परदेशांतील खर्च व राज्याच्या निधीतून त्यांनी उचललेल्या मोठ्या रकमा यांवरून १९४८ मध्ये बडोद्यात तीव्र असंतोष माजला. त्या रकमांची फेड करण्याचे बंधन महाराजांवर आले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची शासक म्हणून असलेली मान्यता काढून घेऊन त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव (१९३०–८८) यांना मान्यता दिली. इंग्लंडमधील तबेल्याचे वैभव त्यानंतर टिकले नाही. परंतु याच प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या नावे एक कोटी रुपयांचा न्यास केला होता आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही (१९४९) त्यांच्याच कारकीर्दीत स्थापन झाले. विद्यापीठ, न्यास व घोडा या तिन्हींना एकाच हाताने एकच नाव दिले, हे विसरून त्यांच्यावर केलेली टीका एकांगी ठरते.

संतती : वळू म्हणून सयाजीरावाचा नावलौकिक आयर्लंड व इंग्लंड येथे झाला. किल्डेअर परगण्यात करा मैदानाजवळ बडोदा नावाचे अश्वपैदास केंद्र अद्यापि आहे. गायकवाडांच्या त्या काळाची ती खूण होय. त्याची शिंगरे उशिरा पक्व होत, दोन वर्षांची असताना फारशी चमकत नसत, पण अंतर वाढले की उठून दिसत.

त्याच्या मुलींमध्ये ग्लॅडनेस (जन्म १९५३) सर्वश्रेष्ठ होय. अमेरिकन बांधकाम उद्योजक जॉन मॅकशेन यांच्या मालकीच्या या घोडीला आयर्लंडचे थोर प्रशिक्षक व्हिन्सेंट ओब्रायन यांनी तयार केले. १९५८ मध्ये तिने ॲस्कट गोल्ड कप व गुडवुड कप या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती नरांना हरवून जिंकल्या, आणि यॉर्क येथील ईबर हँडिकॅपमध्ये सु. ६० किग्रॅ. भार घेऊन सहा लांबींनी विजय मिळविला. या शर्यतीत घोड्यांच्या योग्यतेनुसार त्यांच्यावर कमीअधिक भार घालतात, हे लक्षात घेता ग्लॅडनेसचा हा विजय तिच्या गोल्ड कपाहूनही मोठा म्हणावा लागेल. तिची मुलगी मेरी मेट हिने १९६६ ची आयरिश ओक्स जिंकली. सयाजीरावाची दुसरी मुलगी लिंक्रिस हिने १९६० या एकाच वर्षात आयरिश ओक्स, यॉर्कशर ओक्स व आयरिश सेंट लेजर या तिन्ही शर्यती घेतल्या. आय से हा मुलगा १९६५ च्या डर्बीत, सी बर्ड या शतकातील थोर घोड्याच्या शर्यतीत, तिसरा आला आणि पुढील वर्षी एप्समचा कॉरोनेशन कप त्याने जिंकला.

पित्याचा वारसा पुढे नेण्याचे काम इंडियाना (जन्म १९६१) याच्याकडे आले. मौल्यवान धातूंचे अमेरिकन व्यापारी चार्ल्‌स एंगलहार्ड हे त्याचे मालक. १९६४ च्या डर्बीत तो सांता क्लॉज या घोड्यामागे दुसरा, पॅरिसच्या ग्रां प्रीमध्येही दुसराच आला. त्या वर्षीच्या सेंट लेजरमध्ये त्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. जिमी लिंडली याच्या स्वारीने त्याने ती थोडक्या अंतराने जिंकली आणि सतरा वर्षांपूर्वी पित्याने मिळविलेल्या विजयाची पुनरावृत्ती केली. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, सयाजीराव मरण पावला.

तोपर्यंत पश्चिम यूरोपातील पैदासकारांची आवड बदलू लागली होती. लहान वयात जिंकणारी, मध्यम पल्ल्याची चपळ शिंगरे बाजारात अधिक किंमत आणीत. केवळ सेंट लेजर जिंकलेला नर हा जोखमीचा माल वाटू लागला. इंडियानाची रवानगी जपानला झाली. जपान त्या काळी परदेशी वळू विकत घेऊन आपली पैदास उभारीत होता आणि तेथे लांब पल्ल्याच्या शर्यतींना मोठी प्रतिष्ठा होती. युरोपने नाकारलेल्या गुणाला तेथे मागणी होती.

इंडियानाचा जपानमध्ये जन्मलेला मुलगा ताके होप (जन्म १९७०) याची कारकीर्द एका विलक्षण प्रसंगाने सुरू झाली. १९७३ साली हाइसेइको या घोड्याने जपानी जनतेला वेड लावले होते. प्रादेशिक मैदानांवरून येऊन मोठ्या मैदानांवर जिंकत निघालेला हा घोडा सामान्य माणसाच्या जिद्दीचे प्रतीक बनला होता. त्या वर्षीच्या जपानी डर्बीत ताके होपने त्याला मागे टाकून विजय मिळविला. शरद ऋतूत क्योतो येथे तीन किमी.ची किक्का शो झाली, तेव्हा हाइसेइको पुन्हा त्याच्यासमोर होता व तो पुन्हा हरला. या वेळी अंतर केवळ नाकाएवढे होते. १९७४ च्या वसंतात ताके होपने ३·२ किमी.ची तेन्नो शो ही शर्यतही जिंकली. किक्का शो ही सेंट लेजरच्या धर्तीवर बेतलेली जपानी शर्यत होय. म्हणजे सयाजीराव (१९४७), त्याचा मुलगा इंडियाना (१९६४) व नातू ताके होप (१९७३) या तीन पिढ्यांनी, दोन खंडांत, एकाच स्वरूपाची शर्यत जिंकली.

यापुढे ही पितृपरंपरा क्षीण होत गेली. निअर्कोच्या इतर मुलांनी, विशेषतः नसरुल्ला व निअर्क्टिक यांनी, जग व्यापले. निअर्क्टिकचा मुलगा नॉर्दर्न डान्सर याच्या वंशातील वळूंचा प्रभाव आज यूरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व भारत येथे सर्वत्र आढळतो. त्यांच्याकडे दमाबरोबर वेगही होता; सयाजीरावाच्या वंशात वेगाची बाजू लंगडी राहिली, हे मान्य करावे लागते. बडोद्याच्याच तबेल्यातील माय बाबू याच्याशी तुलना केली, तरी हाच निष्कर्ष निघतो. तो पुढे अमेरिकेस गेला आणि १९६७ मध्ये प्रीकनेस व बेलमाँट या शर्यती जिंकणाऱ्या डमॅस्कसचा मातामह झाला. सयाजीरावाचे रक्त आता प्रामुख्याने घोड्यांच्या मातृवंशांत, वंशावळीच्या मागच्या रकान्यांत शोधावे लागते.

वॉरन प्लेसचा इतिहास मात्र तेथेच थांबला नाही. १९५२ मध्ये ती मिळकत नोएल मर्लेस यांच्याकडे व नंतर त्यांचे जावई हेन्री सेसिल यांच्याकडे गेली. निअर्कोप्रमाणेच चौदा शर्यतींत अजिंक्य राहिलेला फ्रँकेल (२०१०–१२) सेसिल यांनी येथेच तयार केला. तोही पित्याच्या बाजूने निअर्कोचाच वंशज. सेसिल यांच्याच हाताखालील मल्टिडायमेन्शनल हा निअर्कोवंशीय घोडा पुढे पुण्याच्या पूनावाला अश्वपैदास केंद्रात वळू म्हणून आला आणि त्याची शिंगरे महालक्ष्मीच्या मैदानावर धावली, जेथे १९४३ मध्ये बडोद्याच्या घोडीने पहिली इंडियन डर्बी जिंकली होती.